कुलूप लावल्याने रस्ता मोकळा होत नाही



रस्त्यावरून जाणाऱ्या वाटसरूचे गाठोडे सोडून पाहण्याचा अधिकार रस्त्याच्या मालकाला असावा काय, हा प्रश्न नवा नाही. जकातनाक्यावर तो विचारला गेला, टपालखात्याच्या बाबतीत विचारला गेला, आणि गेल्या वीस वर्षांत संगणकांच्या जाळ्यावर तो पुन्हा उभा राहिला आहे. इंटरनेटची सेवा विकणाऱ्या कंपन्या ग्राहकाच्या वाहतुकीत डोकावतात आणि विशिष्ट प्रकारच्या वाहतुकीची गती हेतुपुरस्सर कमी करतात. या प्रकाराला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थच गळा आवळणे असा आहे. ग्राहक त्यावर उपाय म्हणून आपली वाहतूक कूटबद्ध करतात, म्हणजे तिला कुलूप घालून कंपनीच्या नजरेतून निसटू पाहतात. वरवर पाहता हा तंत्रज्ञांचा लपंडाव आहे. वस्तुतः मक्तेदारी, ग्राहकाचा हक्क आणि सार्वजनिक नियमन हे अर्थशास्त्रातील जुने प्रश्नच त्यात गुंतलेले आहेत.

या वादाच्या केंद्रस्थानी जी पद्धत आहे ती टोरेंट या नावाने सर्वपरिचित आहे. ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने ती २००१ साली निर्माण केली. नेहमीच्या पद्धतीत एक मोठे कोठार असते आणि मागणारे सर्वजण त्या एकाच दाराशी रांग लावतात. मागणी वाढली की दार अपुरे पडते. कोहेन यांनी ही व्यवस्था उलटी केली. मोठ्या फाइलचे लहान लहान तुकडे करावयाचे, आणि ज्याच्या हाती जो तुकडा आला त्याने तो इतरांना देत जावयाचे. घेणारा प्रत्येकजण त्याच वेळी देणाराही होतो. त्यामुळे मागणारे वाढले की पुरवठाही वाढतो. मोठे कोठार बांधण्याची ऐपत नसलेल्या संस्थेलाही आपली निर्मिती लाखो लोकांपर्यंत पोचवता यावी, हे या पद्धतीचे सामर्थ्य आहे. लिनक्ससारख्या मुक्त संगणक-प्रणालींच्या प्रती याच मार्गाने जगभर वाटल्या गेल्या.

अर्थात नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या मार्गाने चित्रपटांच्या आणि संगीताच्या विनापरवाना प्रतींची फार मोठी वाहतूक झाली आणि होत आहे. कलावंताच्या श्रमाचे मोल बुडविणे हे पुण्यकर्म नव्हे. परंतु त्याचा निवाडा करण्यासाठी न्यायालये आहेत, आणि गती रोखणाऱ्या कंपन्यांनी आपल्या कृतीसाठी प्रामुख्याने हे कारण पुढे केलेलेही नव्हते. त्यांचे म्हणणे गर्दीचे होते.

ते म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. केबलवाटे इंटरनेट देणारी कंपनी एका वस्तीतील अनेक घरांना एकच सामाईक वाहिनी देते. सर्वजण एकाच क्षणी पूर्ण वेगाने वापर करणार नाहीत, या हिशेबावर तीच क्षमता अनेकदा विकलेली असते. यात मूलतः गैर काही नाही. बँकसुद्धा सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागणार नाहीत याच विश्वासावर चालते. शिवाय या वाहिन्या घराकडे येणाऱ्या वाहतुकीसाठी रुंद आणि घरातून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीसाठी अरुंद बांधलेल्या होत्या, कारण ग्राहक हा मुख्यतः घेणारा असेल असे गृहीत धरलेले होते. टोरेंटने ग्राहकाला देणारा केले. रात्रंदिवस चालणाऱ्या या देण्याने अरुंद बाजू तुंबू लागली. दरमहा ठरावीक रक्कम घेऊन अमर्याद सेवेचे आश्वासन दिलेल्या कंपनीपुढे खरी अडचण निर्माण झाली, हे मान्य केले पाहिजे.

अशा वेळी कंपनीपुढे चार मार्ग असतात. वाहिनीची क्षमता वाढवावी. वापराप्रमाणे दर आकारावा आणि तसे उघडपणे सांगावे. गर्दीच्या वेळी उपलब्ध क्षमता सर्वांत सारखी वाटावी. किंवा कोणालाही न सांगता एका विशिष्ट प्रकारच्या वापरालाच आडवे यावे. पहिल्या मार्गाला भांडवल लागते, दुसऱ्याने जाहिरातीतील 'अमर्याद' हा शब्द खोटा ठरतो, तिसऱ्याने सर्वच ग्राहक थोडेथोडे नाराज होतात. चौथा मार्ग कंपनीला सर्वांत स्वस्त पडतो, कारण त्याची किंमत काही थोड्या ग्राहकांवर पडते आणि ती कोणी लादली हेही त्यांना कळत नाही. स्पर्धा नाममात्र असलेल्या बाजारात कंपन्यांनी चौथ्या मार्गाकडे वळावे यात आश्चर्य नाही.

विशिष्ट वाहतूक ओळखावयाची म्हणजे तिच्या आत पाहावे लागते. जाळ्यावरील प्रत्येक पुडक्याच्या वेष्टनावर पत्ता असतो आणि आत मजकूर असतो. पोचविण्यासाठी पत्ता पुरेसा आहे. परंतु पुडक्याच्या आतील मजकूर तपासणारी यंत्रे बाजारात आली आणि कंपन्यांनी ती वाहिन्यांवर बसविली. टोरेंट ओळखणे त्यांना मुळीच कठीण नव्हते. दोन संगणकांची पहिली भेट होताना प्रथम १९ हा अंक येतो आणि त्यापाठोपाठ या पद्धतीचे १९ अक्षरांचे नाव उघड लिहिलेले असते. तेवढे दिसले की यंत्राने गती आवळावी, एवढाच हिशेब. कॅनडातील काही कंपन्यांनी २००५ च्या सुमारास हे सुरू केले होते.

त्याला उत्तर म्हणून अझ्युरियस आणि म्यूटोरेंट या दोन लोकप्रिय टोरेंट-कार्यक्रमांच्या रचनाकारांनी २००५ च्या अखेरीपासून २००६ च्या प्रारंभापर्यंत कूटबद्धतेची एक सामाईक रीत ठरविली. दोन संगणकांनी प्रथम उघड्या वाहिनीवरच काही संख्यांची देवघेव करावयाची. त्या संख्या तिसऱ्याने पाहिल्या तरी त्यांवरून दोघांची सामाईक किल्ली त्याला काढता येऊ नये, अशी त्यामागे गणिती योजना असते. या किल्लीने पुढील मजकूर असा फिरवावयाचा की पाहणाऱ्याला त्यात ओळखीचे एकही अक्षर सापडू नये. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या कुलपाचा मुख्य हेतू गुपित राखणे हा नव्हताच. तशी मजबुतीही त्यात ठेवलेली नव्हती. वाहतुकीला ओळखता येण्याजोगा चेहरा उरू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

भारतीय टपालाचा दाखला येथे उपयोगी पडेल. बुकपोस्टाचे पाकीट उघडे ठेवावे लागे, कारण त्यात केवळ छापील मजकूर आहे याची खात्री टपालखात्याला करून घेता आली पाहिजे. त्या बदल्यात दर कमी असे. ज्याला पाकीट बंद करावयाचे असे तो पत्राचा दर भरी आणि आतील मजकुराशी खात्याला कर्तव्य राहत नसे. दोन्ही दर जाहीर असत, निवड पाठविणाऱ्याची असे. इंटरनेट-कंपन्यांनी मात्र बंद पत्राचे पैसे घेऊन त्याला बुकपोस्टासारखे वागविले. तेव्हा पाठविणाऱ्याने पाकिटाला अधिक घट्ट डिंक लावला, तर त्याला गुन्हेगार कसे म्हणावे? कूटबद्ध करणे हा ग्राहकाचा न्याय्य बचाव आहे, याविषयी शंका असू नये.

प्रश्न तो न्याय्य आहे किंवा नाही हा नाही, त्याने साधते किती हा आहे. खुद्द कोहेन यांनी २००६ सालीच या उपायाविषयी नापसंती व्यक्त केली होती, आणि पुढील घटनांनी ती निराधार ठरविली नाही. कुलूप घातले की मजकूर झाकला जातो, वर्तन झाकले जात नाही. एक संगणक एकाच वेळी पन्नास अनोळखी संगणकांशी जोडलेला आहे, सतत देत आहे आणि घेत आहे, हे पुडके न उघडताही दिसते. यंत्रे आता या चालीवरून माणूस ओळखू लागली. त्याहून वाईट म्हणजे, ज्या कंपन्यांना अचूक ओळख जमत नाही त्यांच्यापुढे सोपा मार्ग असतो. जे जे ओळखू येत नाही ते ते सर्वच मंद करावे. मग घरून कार्यालयाच्या सुरक्षित वाहिनीवर काम करणारा कर्मचारीही त्याच चिमट्यात सापडतो. एकाने घातलेल्या कुलपाचा दंड दुसऱ्याने भरावा, अशी ही अवस्था आहे.

अमेरिकेतील कॉमकास्ट या केबल-कंपनीचे प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २००७ साली तिच्या एका ग्राहकाला, जो स्वतः जाळ्यांचा जाणकार होता, आपल्या फाइली बाहेर जात नाहीत असे आढळले. तो जुन्या काळातील समूहगायनाच्या, कोणाचाही हक्क न उरलेल्या ध्वनिमुद्रिका वाटत होता. त्याने पुडक्यांची नोंद काढली तेव्हा उलगडा झाला. कंपनीची यंत्रे दोन संगणकांच्या संभाषणात शिरून, प्रत्येकाला दुसऱ्याच्या नावाने 'संबंध संपला' असा संदेश पाठवीत होती. दोन मित्रांच्या पत्रव्यवहारात टपालवाल्याने शिरावे आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या खोट्या सहीने 'यापुढे पत्र पाठवू नये' असे कळवावे, तसा हा प्रकार होता. त्यातही यंत्रांचा रोख मुख्यतः ज्यांचे घेणे संपले होते आणि जे आता केवळ देत होते त्यांच्यावर होता. सहकाराच्या व्यवस्थेत जो निरपेक्षपणे देतो, नेमके त्यालाच थांबविण्यात आले. कूटबद्धता चालू करूनही सुटका होत नाही, असा अनुभव अनेकांनी त्या वेळी नोंदविला.

कंपनीने आरंभी सर्व काही नाकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः प्रयोग केला. त्यासाठी तिने निवडलेला ग्रंथ होता बायबलची जुनी इंग्रजी आवृत्ती, आणि तिचीही वाहतूक अडविली गेली. त्यानंतर कंपनीची भाषा बदलली. आपण अडवीत नाही, केवळ विलंब लावतो, असे ती सांगू लागली. नागरिकांच्या संघटनांनी संघीय दळणवळण आयोगाकडे तक्रार नेली. फेब्रुवारी २००८ मध्ये हार्वर्ड येथे जाहीर सुनावणी झाली, तेव्हा जागा अडवून ठेवण्यासाठी कंपनीने पैसे देऊन माणसे आणली होती आणि तसे तिला कबूल करावे लागले. १ ऑगस्ट २००८ रोजी आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की ही कृती गैर आहे आणि ती वर्षअखेरपर्यंत थांबली पाहिजे.

यानंतर जे घडले ते सर्वांत महत्त्वाचे आहे. कंपनीने २००८ संपण्यापूर्वी नवी पद्धत अमलात आणली. वाहिनी खरोखर तुंबली असेल तेव्हाच, आणि त्या क्षणी ज्याचा वापर फार मोठा असेल त्यालाच, थोडा वेळ मागे ठेवावयाचे. तो काय पाठवीत आहे याकडे पाहावयाचे नाही. म्हणजे गर्दी आवरण्यासाठी पुडके उघडण्याची गरज पहिल्यापासूनच नव्हती! पुढे टोरेंटच्या रचनाकारांनीही वाहिनी भरत आल्याचे जाणवताच आपण होऊन मागे सरणारी पद्धत विकसित केली आणि २०१२ साली तिला इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत स्थान मिळाले. दोन्ही बाजूंचे अभियंते सभ्य तोडगा काढू शकत होते. परंतु तो काढण्याची निकड कुलपांमुळे निर्माण झाली नाही. उघड पुरावा, तक्रार आणि सार्वजनिक निर्णय यांमुळे ती निर्माण झाली.

या ठिकाणी अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका विवेचनाचे स्मरण होते. एखाद्या संस्थेचा कारभार घसरला की तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. बाजारवादी अर्थशास्त्र निघून जाण्यालाच सर्व रोगांवरचे औषध मानते. हर्शमन यांनी नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण दिले. मालमोटारींची सोय झाल्यावर रेल्वे सुधारावयास हवी होती. तसे झाले नाही, कारण ज्या व्यापाऱ्यांनी तक्रारींचा भडिमार करून रेल्वेला जागे केले असते तेच आधी मालमोटारींकडे गेले. मागे उरले ते ज्यांच्या आवाजाला वजन नव्हते.

टोरेंटची कूटबद्धता हे असेच मुक्याने निघून जाणे आहे. कार्यक्रमातील कोणता पर्याय बदलावा हे ज्याला कळते तो निसटतो. ज्याला कळत नाही तो मंद रस्त्यावर राहतो, आणि रस्ता मंद का आहे हेही त्याला उमगत नाही. जाणकारांचा असंतोष असा परस्पर निवाला की उरलेल्यांची बाजू मांडावयास कोणी राहत नाही. ज्या अमेरिकन ग्राहकाचा उल्लेख वर आला, त्याने केवळ आपल्यापुरता दुसरा मार्ग शोधला असता आणि पुडक्यांची नोंद लोकांपुढे ठेवली नसती, तर कंपनीचा नकारच इतिहासात सत्य म्हणून राहिला असता.

कॅनडाचा अनुभवही हेच सांगतो. तेथील सार्वजनिक प्रसारणसंस्था सीबीसी हिने मार्च २००८ मध्ये आपला एक कार्यक्रम टोरेंटने विनामूल्य वाटला. जनतेच्या पैशाने निर्माण झालेली आणि कायदेशीरपणे दिलेली ही वस्तू होती. तरीही ती उतरवून घेण्यास कित्येक तास लागल्याच्या तक्रारी आल्या. त्याच सुमारास बेल कॅनडा ही कंपनी केवळ स्वतःच्याच नव्हे, तर तिच्या तारा भाड्याने घेणाऱ्या लहान प्रतिस्पर्ध्यांच्या ग्राहकांचीही गती रोखीत असल्याचे उघड झाले. प्रतिस्पर्ध्याकडे जाऊनही सुटका नाही. कारण तारेचा मालक एकच! नियामक मंडळाने लहान कंपन्यांची तक्रार २००८ साली फेटाळली, परंतु व्यापक सुनावणीनंतर २००९ साली नियम केले: अशा उपायांची ग्राहकाला आगाऊ माहिती दिली पाहिजे आणि गती रोखणे हा शेवटचा उपाय असला पाहिजे. बेलने मार्च २०१२ पासून टोरेंटची गती रोखणे सोडून दिले.

कायद्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनीही भाबडे राहू नये. अमेरिकेतील आयोगाचा २००८ चा निर्णय एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने अधिकाराअभावी रद्द केला. २०१५ साली आयोगाने इंटरनेट-सेवेला सार्वजनिक वाहकाचा दर्जा देऊन कडक नियम केले, २०१७ साली बदललेल्या आयोगाने ते काढून टाकले, २०२४ साली ते पुन्हा आणण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तोही रद्द ठरविला. रेल्वे-कंपन्या बड्या तेलसम्राटांना गुप्त सवलती देत आणि लहान शेतकऱ्यांना नाडत, म्हणून ज्या देशाने १८८७ साली वाहकाने पक्षपात करू नये असा कायदा केला, त्याच देशात तारेच्या वाहकाविषयी हा खेळ चालू आहे. यावरून कायदा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष निघत नाही. त्याच्यामागे जागे लोकमत नसेल तर तो टिकत नाही, असा निघतो.

भारतात हे लोकमत एकदा दिसले. २०१५ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मते मागविली तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेवरून मोठा वाद झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली. गती रोखण्यासारख्या पक्षपाताविरुद्ध प्राधिकरणाने २०१७ साली शिफारशी केल्या आणि २०१८ साली सरकारने त्या स्वीकारल्या. ठरावीक वापरानंतर गती कमी करणारी जी अट भारतीय ग्राहकाच्या परिचयाची आहे, ती वेगळ्या जातीची आहे. ती किती वापरले हे पाहते, काय वापरले हे पाहत नाही. ती आधी स्पष्ट सांगितली असेल तर तिच्याशी दराचे भांडण करता येते. लपविली असेल तर मात्र तीही फसवणूकच होय.

आज इंटरनेटवरील बहुतेक वाहतूक कूटबद्ध असते. कूटबद्धतेचा हा बचाव आता बँकेच्या व्यवहारापासून खाजगी निरोपापर्यंत सर्वत्र रूढ झाला आहे, आणि तो तसाच राहिला पाहिजे. परंतु त्यामुळे पक्षपात संपला असे मानणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतील टी-मोबाइल या कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये आणलेल्या योजनेत ओळखता येणाऱ्या चित्रफितींची गती आवळली गेली. चित्रफीत कुलपात असली तरी ती कोणाच्या दारातून निघाली हे वाहकाला दिसू शकते. वाहकाची इच्छा असेल तोवर तो ओळखीची नवी खूण शोधत राहणार.

म्हणून आग्रह तीन गोष्टींचा धरला पाहिजे. एक, गर्दी आवरण्यासाठी कंपनी जे जे करते ते ग्राहकाला त्याच्या भाषेत आणि पैसे घेण्यापूर्वी सांगितले जावे. दोन, टंचाईच्या वेळी वाटप करताना वाहकाने मजकुराबाबत आंधळे असावे. तीन, हे नियम पाळले जातात की नाही याचे मोजमाप कंपनीच्या शब्दावर न सोपविता स्वतंत्र यंत्रणेने करावे आणि प्रसिद्ध करावे. ज्या नागरिकांना पुडक्यांची नोंद काढता येते त्यांचे कर्तव्य येथे मोठे आहे. त्यांनी आपल्या घराला कुलूप जरूर लावावे; ते लावण्याच्या हक्कावर कोणी घाला घातला तर सर्वांनी मिळून प्रतिकारही करावा. मात्र कुलूप लावून दार ओढून घेण्यापूर्वी, रस्त्यावर काय चालले आहे याची नोंद त्यांनी चव्हाट्यावर आणून ठेवावी. कुलपाने एक घर सुरक्षित होते. रस्ता मोकळा व्हावयाचा तर तो सर्वांचा आहे हे वाहकाकडून वदवून घ्यावे लागते, आणि ते काम एकट्यादुकट्याने, मुकाट्याने होणारे नाही.